घर बांधण्याआधी भाषा शिकावी

अर्थशास्त्राच्या वर्गात वसाहतवादाचे प्रकरण दरवर्षी शिकवावे लागते. इंग्रजांच्या आरंभीच्या वखारी, मग तटबंदी, मग जमीन आणि शेवटी महसूल हा क्रम विद्यार्थ्यांना पाठ असतो आणि परीक्षेपुरता तो पुरतोही. काही वर्षांपूर्वी असाच तास चालू असता मी फळ्यावर ‘सेटलमेंट’ हा शब्द लिहिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, ही सेटलमेंट आणि आमची सेटलमेंट एकच का?” वर्गात हशा पिकला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, सोलापुरात सेटलमेंट नावाचा एक भाग आहे आणि तो मुलगा तेथून कॉलेजला येत असे. मी त्या वेळी दिलेले उत्तर गाइडातल्या उत्तरासारखेच गुळगुळीत होते. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

वस्तुतः तो प्रश्न हसण्याजोगा नव्हता. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे या कायद्याचा विस्तार झाला आणि सोलापुरात पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची तारेच्या कुंपणातली वस्ती उभी राहिली. आत राहणाऱ्याला हजेरी द्यावी लागे, बाहेर जाण्यास परवानगी लागे, आणि येथील गिरण्यांना त्यातून मजूर मिळत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कुंपण गेले, नाव राहिले.

मराठीत तर गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. इंग्रजांनी व्हर्जिनियात केली ती वसाहत, गिरणीमालकाने मजुरांसाठी बांधली ती वसाहत, आणि आज विडी कामगारांसाठी उभारली जाते तीही वसाहतच. शब्द एक म्हणून तिन्ही गोष्टी सारख्या ठरत नाहीत. तथापि तिन्हींना एक प्रश्न सारखाच विचारता येतो. जो वसवितो, त्याला वसणाऱ्यांची भाषा येते काय? येथे भाषा म्हणजे केवळ बोली नव्हे; राहण्याची, कामाची आणि ऋतुमानाची रीत हीदेखील भाषाच होय.

दोन इंग्रज

इंग्रजांच्या वसाहतींचा आरंभ आणि इंग्रजी काव्याचा बहराचा काळ हे दोन्ही एकाच पिढीचे आहेत, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. वॉल्टर रॅले हा कवी होता, आणि १५८४ साली अमेरिकेत वसाहत करण्याची सनद त्यालाच मिळाली. एडमंड स्पेन्सर १५८० साली लॉर्ड ग्रे याचा चिटणीस म्हणून आयर्लंडमध्ये गेला. तेथे आयरिश सरदारांकडून जप्त केलेल्या मुलखात त्याला तीन हजार एकरांवर जमीन आणि एक गढी मिळाली. १५९० साली ज्याचे पहिले तीन सर्ग प्रसिद्ध झाले ते ‘फेअरी क्वीन’ हे महाकाव्य त्याने आयर्लंडमध्ये असतानाच पुढे नेले. त्याच लेखणीने त्याने १५९६ च्या सुमारास आयर्लंडच्या स्थितीवर एक गद्य संवादही लिहिला. आयरिश लोकांची भाषा, त्यांचे रीतिरिवाज, फार काय त्यांची अंगावर घेण्याची घोंगडीसुद्धा मोडून काढल्याखेरीज इंग्रजांची सत्ता तेथे स्थिर होणार नाही, असा त्याचा आशय होता. १५९८ च्या बंडात त्याची गढी जळाली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याचा अंत झाला.

स्पेन्सर आयर्लंडला जाण्याच्या एक वर्ष आधी त्याच्याच पिढीचा दुसरा एक इंग्रज लिस्बनहून जहाजात बसला होता. थॉमस स्टीफन्स त्याचे नाव. विल्टशायर परगण्यातला हा तरुण कॅथलिक होता, आणि त्याच्या धर्माला स्वदेशी थारा उरला नव्हता. रोमला जाऊन तो जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरला. हिंदुस्थानात कायम वास्तव्य केलेला, आपल्याला माहीत असलेला हा पहिला इंग्रज. त्या वर्षी पैठणला नाथमहाराज हयात होते, आणि तुकोबांच्या जन्माला अजून अवकाश होता.

स्टीफन्स यांनी चाळीस वर्षे गोव्यात, मुख्यतः सासष्टी भागात, काढली. ते कोकणी शिकले आणि मराठीही शिकले. कोकणीचे व्याकरण त्यांनी रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. देवनागरी खिळे नसल्यामुळे छपाई रोमन लिपीत झाली. शेक्सपिअर वारला तेच हे वर्ष. त्यांनी मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती आपल्या पाठ्यपुस्तकांतून अनेकांच्या परिचयाची असते. माझ्या मते स्तुतीपेक्षाही त्यांनी केलेली छंदाची निवड अधिक बोलकी आहे. लॅटिन वृत्ते त्यांना येत होती, इंग्रजी तर जन्मभाषाच होती. ते सोडून त्यांनी ज्ञानेश्वरांची आणि एकनाथांची ओवी घेतली. ही ओवी पोथीत येण्यापूर्वीपासून जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी होती. ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांच्या कानाला कोणती लय ओळखीची आहे, हे त्यांनी आधी पाहिले.

येथे भाबडेपणा मात्र नको. स्टीफन्स ज्या सासष्टीत पुराण रचीत होते, तेथली देवळे १५६७ साली पोर्तुगीजांनी पाडली होती, आणि १५८३ साली कुंकळ्ळीला त्याचा रक्तरंजित प्रतिकारही झाला होता. धर्मांतरितांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या, म्हणून तर नव्या पुराणाची गरज उत्पन्न झाली. पुढे १६८४ च्या फर्मानाने सत्ताधाऱ्यांनी तेथल्या लोकभाषेवरच बंदी घातली. म्हणजे भाषा शिकल्याने सत्तेचे पाप धुतले जाते असे नाही. पण भाषा शिकणारा मनुष्य निदान आपल्या श्रोत्याला मनुष्य मानतो. स्पेन्सर आणि स्टीफन्स यांच्यातील हा फरक लहान नव्हे. चारशे वर्षांनंतर मराठी माणूस स्टीफन्स यांना आपला कवी म्हणतो. स्पेन्सरविषयी आयरिश माणसाच्या मनात आजही तसा आपलेपणा नाही.

तट आणि मैदान

दुसरीकडे व्यापारी येऊ लागले होते. १५८३ साली राल्फ फिच आणि त्याचे सोबती पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. फिच १५९१ साली लंडनला परतला, आणि १६०० च्या अखेरच्या दिवशी स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्या अनुभवाचा उपयोग करून घेतला. इतिहास असा माणसांच्या बऱ्या-वाईट हेतूंना न जुमानता पुढे जात असतो.

कंपनीच्या माणसांना ओवी नको होती. त्यांना कापड आणि मिरी हवी होती. त्यासाठी दुभाषा पुरे होता. सुरत झाली, सतराव्या शतकाच्या मध्यास राजापूरची वखार झाली. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली, आणि पुढच्याच वर्षी शिवाजीमहाराजांनी राजापूर मारून त्या वखारवाल्यांना कैदेत टाकले. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ साली वार्षिक १० पौंड खंडाने कंपनीकडे गेली. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे तट उभा राहिला. तटाबाहेरची जागा तोफांना मारा करता यावा म्हणून मोकळी राखण्यात आली. तट १८६० च्या दशकात पाडला, तरी ‘फोर्ट’ हे नाव आणि ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदाने त्या भीतीची खूण म्हणून राहिली. आज त्यांवर पोरे क्रिकेट खेळतात, हा काळाने घेतलेला सूड म्हणावयाचा.

बांधकाम आणि सत्ता यांचा संबंध आपल्याकडे कोणाच्याच लक्षात आला नव्हता असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो सावधगिरीचा उपदेश आहे, तो या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. टोपीकरांना वखारीस जागा द्यावीच लागली तर ती समुद्रकिनारी देऊ नये, आणि त्यांना पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत, असा त्याचा भाव आहे. व्यापारी आज आहे, उद्या जाईल. पण चुना आणि दगड एकदा बसला की तो उठत नाही, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते.

सोलापूर १८१८ साली कंपनीच्या हाती गेले. पुढे छावणी आली, रेल्वे आली, १८७७ साली आमची ‘जुनी गिरणी’ सुरू झाली, आणि त्यामागोमाग चाळी आल्या. चाळ बांधणाऱ्याने मजुराला किती हात लांब आणि किती हात रुंद जागेत झोपता येईल, एवढाच हिशेब केला. कुंपणातली सेटलमेंट हे त्याच हिशेबाचे शेवटचे टोक. तेथे तर रहिवाशाचे मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणून हेच देता येईल की, होय, दोन्ही सेटलमेंट एकाच घराण्यातल्या.

नव्या वास्तुविचाराची दिशा

मग स्वातंत्र्यानंतर काय बदलले? आधुनिक वास्तुशास्त्राचा एक प्रवाह युरोपातून आला. घर म्हणजे राहण्याचे यंत्र, हे ल कॉर्ब्युझिए याचे १९२३ सालचे सूत्र जगभर गाजले. १९५१ पासून चंदीगडच्या रूपाने ते विचार आपल्याकडेही आले. त्यातील काटेकोरपणा घेण्यासारखा होता. पण आमच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांनी त्यातून नेमकी एकच गोष्ट उचलली: सगळीकडे सारखा चौकोन.

या प्रवाहाला येथूनच उत्तर देणाऱ्यांत चार्ल्स कोरिआ यांचे नाव अग्रभागी आहे. हे मूळ गोव्याच्या घराण्यातले, म्हणजे ज्या भूमीत ओवीने इंग्रजाला वश केले त्याच भूमीचे. अमेरिकेत शिकून त्यांनी १९५८ साली मुंबईत व्यवसाय सुरू केला. शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची कल्पना १९६० च्या दशकाच्या मध्यास मांडली. उष्ण देशात आभाळाखालची जागा ही चैन नसून खोलीइतकीच उपयोगाची जागा आहे, हा त्यांचा सिद्धान्त मला विशेष मोलाचा वाटतो. अंगण, ओटा, गच्ची यांवर बांधकामाचा खर्च थोडा होतो, आणि वर्षातले कितीतरी महिने तेथे स्वयंपाक, झोप, गप्पा, धंदा सर्व काही चालते. हा विचार वास्तुविशारदाचा खरा. पण तो अर्थशास्त्रज्ञालाही मान खाली घालावयास लावणारा आहे, कारण आमच्या कोष्टकांत अंगणाला रकानाच नसतो.

नव्या मुंबईत बेलापूरला त्यांनी १९८० च्या दशकात जी वसाहत केली, तिच्यात सात-सात घरे एका चौकाभोवती मांडली आणि प्रत्येक घर आपल्या जागेत सुटे ठेवले, म्हणजे ज्याला जसे परवडेल तसे त्याने वाढवावे. पुढे अनेकांनी ती घरे पाडून काँक्रीटची मजली घरे बांधली. यावर टीकाकार म्हणतात की प्रयोग फसला. मला तसे वाटत नाही. गरजेप्रमाणे घर बदलण्याची मुभा मूळ आराखड्यातच होती, आणि लोकांनी ती वापरली.

दुसरे नाव पुन्हा एका इंग्रजाचे आहे. बर्मिंगहॅमचे लॉरी बेकर युद्धकाळात गांधीजींना भेटले आणि १९४५ पासून हिंदुस्थानचेच झाले. घराचे साहित्य आसपासच्या पाच मैलांत मिळणारे असावे, ही गांधीजींची कल्पना त्यांनी आयुष्यभर उरी बाळगली. हिमालयातल्या पिठोरागडला आणि मग केरळात त्यांनी गवंड्यांच्या हाताखाली शिकावे तसे शिकून घेतले. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राच्या इमारती त्यांच्याच. एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी तेथे गेलो होतो. बाहेर ऊन रणरणत होते, आणि विटांच्या जाळीच्या भिंतींतून आत गार वारा येत होता. व्याख्यान दारिद्र्यरेषेवर होते. माझे लक्ष भिंतीकडे होते. विटा उभ्या रचून आत पोकळी ठेवण्याच्या बेकर यांच्या पद्धतीत विटांची सुमारे २५ टक्के बचत होते आणि उष्णताही अडते. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने ओवी आत्मसात केली, या इंग्रजाने वीट.

विडीचे सूप आणि चटईक्षेत्र

आता आपल्या गावाकडे वळू. सोलापूरचे घर हे केवळ राहण्याचे ठिकाण कधीच नव्हते. पूर्व भागात घरात माग असे आणि मागाभोवती घर असे. विडी वळणाऱ्या बाईचा कारखाना म्हणजे तिचा उंबरा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पाने, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. एके काळी बाई जात्यावर बसून ओवी म्हणे; आज ती जागा सुपाने घेतली आहे. काम आणि घर यांची गाठ तीच आहे. म्हणून सरकारी हिशेबात घर ही उपभोग्य वस्तू असली, तरी सोलापुरात ते उत्पादनाचे साधन आहे. भांडवली वस्तू निवडताना कारखानदार ज्या बारकाईने पाहतो, त्याच बारकाईने हे घर पाहिले पाहिजे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. असंघटित कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे झगडून मिळविलेली घरे ही या शहराची मोठी कमाई आहे. कुंभारी येथे दहा हजार विडी कामगार स्त्रियांची कॉ. गोदूताई परुळेकर वसाहत झाली. त्यानंतर तेथेच रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि तीतील पंधरा हजार घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. जिच्या नावावर आयुष्यात काहीच नव्हते, तिच्या नावावर घर होते, याचे मोल चौरस फुटांत मोजता येत नाही. माझे म्हणणे या यशाला कमी लेखण्याचे नसून, यापुढच्या घरांविषयीचे आहे.

एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी एका नव्या वसाहतीत त्याच्या घरी गेलो होतो. घर दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, फरशीचे, नळाचे. एप्रिलची दुपार होती, पारा ४२ अंशांपलीकडे गेलेला, आणि वरचा स्लॅब तव्यासारखा तापलेला. त्याची आई घरात नव्हती. ती जिन्याच्या तळाशी बसली होती, सूप घेऊन, आणि तिच्याबरोबर आणखी चौघीजणी. मी म्हटले, “मावशी, वर पंखा आहे ना?” त्या म्हणाल्या, “सर, पंख्यानं तंबाखू उडतो. दार लावलं तर लेकरं खोकतात. हितं वारं बी हाय न् बोलायला माणसं बी हायती.” त्या बाईंनी अर्ध्या मिनिटात वास्तुशास्त्राचे जे व्याख्यान दिले, ते आराखडा काढण्यापूर्वी कोणी ऐकले होते काय? एखादा ओटा, सामायिक छप्पर असलेला एखादा चौक, धूळ बाहेर जाईल अशी एखादी जाळी असती, तर जिन्याचा तळ हा त्यांचा कारखाना झाला नसता.

कोणी म्हणेल, मग जुनी माळवदाची घरेच बरी होती. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचे धाबे, उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर झोप हे सारे आठवून आमची पिढी हळवी होते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या त्याच जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली, हे आपण विसरता कामा नये. जुन्याची नक्कल हे उत्तर नव्हे. तसेच भूकंपानंतर नव्याने वसविलेल्या गावांनीही आपल्याला एक धडा दिला आहे. भिंती भक्कम झाल्या, रस्ते रुंद आणि सरळ झाले. पण शेजार विस्कटला, गुरांना आणि कडब्याला जागा राहिली नाही, अशी तक्रार अनेक गावांतून ऐकू आली. शास्त्र नवे असावे आणि व्याकरण राहणाऱ्यांचे असावे, असे त्याचे तात्पर्य मी काढतो.

खर्चाचा आक्षेप मी जाणतो. तो माझ्याच विषयाचा आहे. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत मर्यादित होते आणि जमिनीचे भाव सर्वांना ठाऊक आहेत. पण घराच्या किमतीबरोबर त्या घरात होणारी मिळकत, वाचणारी वीज आणि टळणारा औषधोपचार हेही जमेस धरले, तर ओट्याचा खर्च अवाजवी ठरणार नाही. त्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आराखड्यापूर्वी निदान शंभर घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कोठे बसून काय करते याची नोंद घ्यावी. हे काम आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आनंदाने करतील. कामासाठीच्या सामायिक जागेला मंजुरीच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना द्यावा. आणि समितीवर अभियंत्याच्या शेजारी एक विडी कामगार स्त्री बसवावी. तिला सही करता येते की नाही हे पाहू नये. तिला घर चालविता येते, एवढे पुरे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला आज थोडे बरे देता येईल. इंग्रजांच्या वसाहती आणि त्याच्या आजोबांची सेटलमेंट एकाच विचारातून निघाल्या, कारण वसविणाऱ्याने राहणाऱ्याला कधी विचारले नाही. आपण बांधतो त्या वसाहतीही त्याच वंशाच्या होतील की नाही, हे आता इंग्रजांवर अवलंबून नाही. परक्या देशातून आलेल्या एका पाद्र्याला आपली ओवी शिकावीशी वाटली. आपल्याच गावातल्या बाईची दुपार समजून घेणे आपल्याला त्याहून अवघड जाऊ नये.